माहेरची पाग

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. वहिनीला नाही, देवालाही नाही. हात जोडले की तेवढा भाग गाळून पुढे जायची सवय झाली आहे. आदर्श नगरच्या माझ्या घरात लोखंडी कपाट आहे, त्याच्या वरच्या खणात एक पेटी आहे. पेटीत काय आहे ते सांगायला मला जरा वळसा घ्यावा लागेल. घेऊ द्या.

माझं माहेर माळव्यातलं, मराठा सरदारांचं. सरदारकी भिंतीवरच्या तलवारींपुरतीच उरलेली. सासर जयपूरचं, ठाकुरांचं. जुन्या शहरात त्यांची हवेली. माझे यजमान — त्यांना मी कायम ‘हे’च म्हटलं — लग्नानंतर माझ्या वडिलांशी बोलता यावं म्हणून मराठी शिकले. मी ह्यांना ‘अहो’ म्हणायची. ह्यांना वाटलं, मराठीत नवराबायकोनं एकमेकांना अशीच हाक मारायची असते. तेही मला ‘अहो’ म्हणू लागले. माहेरच्या भरल्या पंगतीत ह्यांनी मला ‘अहो, मीठ’ म्हटलं तेव्हा बाबांना हसताना ठसका लागला होता. पुढे चूक कळली, तरी ह्यांनी ती सोडली नाही.

हे मुद्दाम सांगते आहे. नाहीतर तुम्हाला वाटेल, आमच्यात काही नव्हतंच.

मग हवेलीचं हॉटेल झालं. परदेशी पाहुणे यायचे, त्यांना ‘ठाकुराणीसोबत जेवण’ हवं असायचं. मी पोशाख, दागिने घालून बसायची, घराण्याच्या गोष्टी सांगायची. एका संध्याकाळी मी फार रंगात आले होते. एका म्हाताऱ्या पाहुणीला नथ कशी घालतात ते दाखवत होते, सगळे हसत होते, मीही. पाहुणे उठले, हात धुतले गेले, आणि मग ह्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, बाबा गेले. फोन दुपारीच आला होता.

दुपारीच. कळतंय ना? मी नथीचा विनोद करत होते तेव्हा हे समोर बसून, माहीत असून, पाहुण्यांना लाल मांस वाढायला सांगत होते. मी माळव्यात पोचले तेव्हा चिता विझत आली होती.

मी भांडले नाही. महिन्याभरात जयपुरातच आदर्श नगरला वरचा मजला घेतला आणि निघून आले. हे एकदा आले, जिन्यात उभे राहिले. मी दार उघडलं नाही. मनात एकच होतं — ह्यांना चारचौघांत, सगळे बघत असताना, असंच काहीतरी कळलं पाहिजे.

संधी आली ती सासऱ्यांच्या जाण्यानं. माणूस फार चांगला, माझ्यावर जीव होता त्यांचा. आणि मी त्यांच्या बाराव्याचा उपयोग केला.

त्यांच्यात एक रीत आहे. वडील गेले की घरचे पुरुष पांढरा साफा, आपला फेटा, बांधतात. बाराव्या दिवशी थोरल्या मुलाला पाग, म्हणजे मानाची पगडी, बांधतात, तो आता घरचा कर्ता. पांढरा उतरवून जो रंगीत साफा चढवायचा, तो सासरहून आलेला लागतो. मतलब, बायकोच्या माहेरचा. बाजारात साफे ढिगानं मिळतात, पण दुःखाचा पांढरा उतरवायचा मान सासरचा.

दुखवट्यासाठी मी हवेलीत राहायला गेले होते. एका सकाळी हे बायकांच्या दालनाच्या जाळीपलीकडे येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाले, “अहो, दादांना बोलाल ना? पाग त्यांच्याकडूनच पाहिजे मला.”

मी “हो” म्हटलं. मी खरंच दादाला फोन केला. दादा माझा थोरला भाऊ, तेव्हा अंथरुणाला खिळलेला. त्याला येणं शक्य नव्हतं. त्यानं ड्रायव्हरबरोबर पेटी माझ्या आदर्श नगरच्या घरी पाठवली, बहिणीच्या हातून पोचावी म्हणून. बाराव्याच्या आदल्या दिवशी कपडे आणायला म्हणून मी घरी गेले आणि पेटी उघडून बघितली. केशरी साफा, वर नारळ, कडेला बारीक जर. दादानं आमच्या बाबांच्या फेट्याचा रंग जुळवून रंगवून घेतला होता.

नासेल म्हणून मी नारळ बाहेर काढला. पेटी कपाटात ठेवली. किल्ली पदराला बांधली आणि रिकाम्या हातानं हवेलीत परत गेले.

चौकात जाजमं अंथरली होती. सगळ्या ठिकाण्यांचे, म्हणजे जहागिरींचे, भाऊबंद पांढऱ्या साफ्यांत बसलेले. आम्ही बायका वर जाळीआड. पुरोहितानं खणखणीत आवाजात पुकारलं, “ससुराल पक्ष की पाग!”

कुणी उठलं नाही.

पुन्हा पुकारलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या शेजारी ह्यांची आत्या, भुवासा, बसल्या होत्या. त्यांनी कोपरानं ढोसलं — “बीनणी, थारै पीहर सूं पाग कोनी आई?” सूनबाई, तुझ्या माहेरची पाग नाही आली? सगळ्या बायकांनी माना वळवल्या. मी मोठ्यानं, खाली ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “दादा ने नहीं भेजी, भुवासा. नाराज हैं.”

ह्यांनी मान वर केली. जाळीतून मी दिसत नव्हते, पण ते बरोबर माझ्याकडे बघत होते. एका काकांनी आपल्याकडचा साफा पुढे केला. ह्यांनी हात जोडून नको म्हटलं आणि पांढऱ्यावरच टिळा लावून घेतला.

खोटं बोलणार नाही. मला गोड लागलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या दिवशी पोटभर जेवले.

दादाचा फोन आला. “पोचली ना गं? कसा दिसला रंग?” मी म्हटलं, “छान दिसला, दादा.” ह्यांच्या भाऊबंदांनी आमच्या घराशी बोलणं टाकलं. दादाला वाटलं, मी वेगळी राहते म्हणून.

त्यानंतर ह्यांनी रंगीत साफा बांधलाच नाही. तीजेला, दसऱ्याला, लग्नांत सगळे लहरिये, पचरंगी, आणि हे एकटे पांढऱ्यात. कुणी विचारलं तर म्हणायचे, “तिकडून येईल तेव्हा चढेल.” मला हे कळायचं. प्रत्येक वेळी बरं वाटायचं.

मग दादा गेला. आणि हे माळव्यात आले. एकटे, रेल्वेनं, कुणी बोलावलं नसताना. ज्यानं आपला भरसभेत अपमान केला असं समजत होते, त्याला ह्यांनी खांदा दिला. स्मशानातून परत आल्यावर वहिनीनं ओसरीवर रडतरडत विचारलं, “ठाकुरसाहेब, सणासुदीलाही पांढराच बांधता म्हणे? आम्ही पाठवलेला केशरी आवडला नाही का?”

मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग वहिनीकडे वळून म्हणाले, “आवडला, वहिनीसाहेब. जपून ठेवला आहे. इतका सुंदर आहे, बांधायला मन होत नाही.”

जाताना मला म्हणाले, “अहो, जेवून घ्या.” बस. त्यावर एक शब्द नाही, तेव्हा नाही, पुढे कधीच नाही.

तुम्हाला वाटेल, आता हिला पाझर फुटला असेल. नाही फुटला. पेटी रिक्षात घालून हवेलीवर न्यायला कितीसा वेळ लागतो? मी नेली नाही. सूड माझा होता, आणि हा माणूस तो झाकून माझ्याहून मोठा होऊन बसला — याचा मला राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. नुसतं लपवलं त्याचं मी काहीतरी कारण देऊ शकेन. पण ह्यांना कळलंय हे कळल्यावरही, हे वाट बघतायत हे ठाऊक असूनही, मी किल्ली फिरवली नाही. सांगायचं होतं ते हे. बाकी सगळा वळसा.

हे गेले ते पांढऱ्यातच. आम्हाला मूलबाळ नव्हतं, पाग पुतण्याला बांधली. मी पुन्हा त्याच जाळीआड बसले. पुरोहितानं पुकारलं आणि पुतण्याचे सासरे लगेच उठले, ताटात गुलाबी साफा. शेजारी भुवासा, आता डोळ्यांनी अधू झालेल्या, माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “देख बीनणी, इण री तो टेम पर आयगी.” ह्याची बघ, वेळेवर आली.

मी तिकडच्या रीतीनं होकार दिला, “हुकम.”

घरी येऊन कपाट उघडलं. केशरी जशाच्या तसा आहे, घडीवरसुद्धा रंग उडालेला नाही. मी पेटी बंद केली आणि होती तिथेच ठेवली.