भावोजींसाठी शिडी

आमच्या जाऊबाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नाहीत. सासरे बोलून थकले, भावोजी हसून थकले, मी तर नादच सोडला होता. भावोजी गेल्यावर त्यांनी फळबागेच्या प्रशिक्षणाला जायचं काढलं, तेव्हा मी म्हटलं, "सफरचंदाच्या बागेत केस पांढरे झाले तुमचे, आता झाडं कापायला शिकणार?"

"कापायला नाही, छाटायला. आणि तूही चल. घरात बसून माझ्यावर नजर ठेवण्यापेक्षा बरं."

खुर्च्या असतील, फळा असेल, दुपारी डुलकी काढता येईल, म्हणून मी गेले. फळा नव्हताच. शिकवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या हातात करवत दिली. "डोक्याला कळून उपयोग नाही, हाताला कळलं पाहिजे," म्हणत त्या आमची मनगटं धरून वळवायच्या.

छाटताना फांदीचा वीतभर खुंट ठेवायची आमच्या घरची पद्धत. पुढच्या वर्षी त्यावर पाय देऊन वर चढता येतं, शिडीचं लोढणं नको. बाईंनी तसलाच एक खुंट चिरून दाखवला. आत काळा भुगा. खुंट भरून येत नाही, कुजतो, आणि त्यातून बुरशी खोडात उतरते, मग शेजारच्या झाडांवर जाते. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कड असते. तिच्या अगदी बाहेर कापलं, की झाड आपली जखम आपणच झाकतं. जाऊबाई भुग्याकडे बघत राहिल्या. भावोजी झाडावरून पडले, तेव्हा त्यांचा पाय असल्याच खुंटावर होता. तो मोडला आणि भावोजी जागीच गेले.

लाकडी हातोडीने खोड ठोकून ऐकायलाही बाईंनी शिकवलं. भरीव खोड ठक्क वाजतं, कुजकं ढब्ब.

घरी आल्यावर जाऊबाईंनी बागेतले खुंट एकेक करून उडवले. हात असा बसला होता की सालीवर ओरखडा नाही. पुढे त्या जखमांवर कडेकडेने नवी साल चढू लागली. राहिलं होतं फक्त भावोजी पडले ते झाड.

"याचं कधी?" मी विचारलं.

जाऊबाईंनी हातोडी माझ्या हातात दिली. "ठोक."

मी ठोकलं. ढब्ब. आणि आतून, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वरून, कुणीतरी परत ठोकलं. हातोडी माझ्या हातातून गळाली.

"रोज उत्तर देतात," त्या म्हणाल्या. "खुंट कापले, तर हे उतरणार कसे?"

भर उन्हात मी धावत घर गाठलं आणि सगळं सांगितलं. माझा नवरा म्हणाला, सुतारपक्षी असेल. बघून येतो म्हणून तावातावाने गेला, परत आला आणि सुतारपक्ष्याचं नाव काढेना.

मग शिकलेल्यांच्या बागा बघायला बाई आल्या. जाऊबाईंचं काम बघून खूश झाल्या, पण त्या झाडापाशी थबकल्या. खोडावर बुरशीच्या छत्र्या फुटल्या होत्या. "यातले खुंट आजच काढा, कुजकं सगळं कापा. शेजारच्या झाडांना लागलं, तर अख्खी रांग हातची जाईल."

"तेवढं सोडून सांगा," जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी खोड ठोकलं. उत्तर आलं. त्यांचा चेहरा उतरला, पण सालीवरचा हात त्यांनी काढला नाही. मला वाटलं, आता पळतात. जाऊबाईंनी सगळं सांगितलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला झाडांतलं कळतं, बाकीचं नाही. पण खुंटावर पाय देऊन मी कुणालाच उतरू देत नाही. शिडी लावा." आणि गाडीतून त्यांनी आपली तीन पायांची शिडी काढली.

जाऊबाईंनी शिकवल्याप्रमाणे तिसरा पाय फांद्यांत सारला, शिडी हलवून बघितली. "उतरा आता. जपून." आम्ही तिघींनीही पाठ फिरवली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

बराच वेळ काही नाही. मग शिडी करकरली. वरची पायरी, मग तिच्या खालची. मी जाऊबाईंचं मनगट घट्ट धरलं. खालचा पाचोळा चुरचुरला, तो आवाज आमच्यापर्यंत आला आणि जाऊबाईंच्या शेजारी थांबला.

"कुठे लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी खोड ठोकलं. ढब्ब. पुन्हा ठोकलं. नुसतं पोकळ लाकूड.

करवत घेऊन त्या शिडीवर चढल्या आणि पहिल्या खुंटालाच हंबरडा फोडला. भावोजी गेले त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण करवत मात्र कडेच्या अगदी बाहेरूनच चालली होती. बाई खालून काही सांगायला म्हणून पुढे झाल्या, मग मागे सरल्या. मी शिडी धरून होते. ती पक्की बसली होती, धरायची काही गरज नव्हती, तरी मला सोडवेना.