दुखणं खुब्यात, पट्टी गुडघ्याला

धडधाकट गुडघ्याला तुम्ही आठ महिने पट्टी बांधाल का? मी बांधली, आणि गुडघ्याला काही झालेलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी कॉलेजच्या हॉकी संघाची गोलकीपर होते. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर होती. चेंडू अडवायला पाय बाजूला झोकला की उजव्या जांघेत खोलवर कळ यायची. आमच्या प्रशिक्षक सरांनी सदर भागातल्या मैदानावर सगळ्यांसमोर विचारलं, "कहाँ दर्द है, बेटा?" शेजारी मुलांचा संघ पाणी पीत उभा होता. माझा हात गुडघ्यावर गेला.

"सेंक लो," सर म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही.

बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. त्यांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. पुढे मीही लिहू लागले, मुलींच्या स्वच्छतागृहासाठी, वसतिगृहाच्या वेळांसाठी. जांघ हा शब्द मात्र तोंडातून निघेना. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला. मी गुडघ्याला पट्टी बांधून शेकत राहिले, खेळत राहिले. एक दिवस ऑटोत चढताना पाय उचलेना, तेव्हा आईनं मला ओमती भागातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी गुडघा सगळीकडून दाबून पाहिला. मग मांडी पोटाकडे दुमडून पाय फिरवला, तशी मी त्यांचं मनगटच धरलं.

"घुटना तो ठीक है. अब सच बताइए."

अंगठा पुढे, बोटं मागे, अशी मी खुब्यावर पकड घालून दाखवली.

आई म्हणाली, "काहून वं? साऱ्या जगाची दुखणी छापून राहिली, अन् स्वतःचं आईलाही सांगता नाही आलं?"

खुब्याच्या सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर कळ काही तास गेली. दुखणं तिथलंच होतं. एमआरआयमध्ये खुब्याच्या वाटीची मऊ कड फाटलेली दिसली. मांडीच्या हाडावरचा एक उंचवटा तिला घासत होता. छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून डॉक्टरांनी कड शिवली, उंचवटा तासला. दुसऱ्या दिवशी मी कुबड्यांवर उभी राहिले.

मग त्यांनी दुर्बिणीतून काढलेला फोटो दाखवला. शिवलेल्या कडेशेजारची कूर्चा, हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजली होती. ती परत येत नाही, म्हणाले.

"और गोल में?" मी विचारलं.

"चलिए, दौड़िए. गोल में नहीं. छह महीने पहले आतीं, तो शायद."

आता मी रोज चालते, थोडं धावते, कळ येत नाही. गोलमध्ये दुसरी मुलगी उभी राहते आणि चांगली खेळते.

तुमची मुलगी जिथे खेळते तिथे या आठवड्यात जा. मुलींनी आपलं दुखणं एकांतात सांगावं अशी बाई तिथे कोण आहे, ते विचारा. कुणी नसेल, तर नेमल्याशिवाय उठू नका.