शुक्रवारची कुजबुज

आमच्या घरातले देव चालत असत.

संध्याकाळी आई त्यांना फळीवर मागे सारून ठेवी आणि सकाळी ते कडेला येऊन उभे असत. गणपती सगळ्यांत पुढे. यात चमत्कार काही नव्हता. भिवंडीच्या जुन्या बाजारात एका लाकडी माडीच्या इमारतीत आम्ही वर राहत होतो आणि खाली सलीमभाईंचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. लूम चालू असले की घर थरथरे. चहा कपात अर्धाच ओतायचा (पूर्ण ओतला तर उरलेला अर्धा आपोआप बशीत येई), आणि कुकरची शिट्टी ऐकायची नसते, बघायची असते, हे आम्हाला बाराखडीच्या आधी कळलं होतं.

बोलायचं म्हणजे अर्थातच ओरडायचं. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर. त्यांचा आवाज मुळातच शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आईचा शाळेच्या फाटकापर्यंत! शुक्रवारी लूमना सुट्टी असे, तेव्हाही आमचे आवाज काही खाली येत नसत. अख्खी गल्लीच तशी बोलायची, मग कोण कुणाला सांगणार?

नव्वद सालच्या आसपास मालकांच्या मनात नवी बिल्डिंग बांधायचं आलं. मालक त्याच इमारतीत, खाली मागच्या खोलीत राहत. त्यांनी नगरपालिकेत अर्ज टाकला की इमारत धोकादायक झाली आहे, भाडेकरूंना बाहेर काढा. इंजिनिअर पाहणीला येणार होता. त्याने ‘धोकादायक’ लिहिलं की आम्ही रस्त्यावर! अण्णांच्या पगारात गावात दुसरी जागा मिळण्यासारखी नव्हती. अण्णा टेमघरपासून खारबावपर्यंत खोल्या बघून हात हलवत परत आले. आईने जाहीर केलं, की ती घर सोडणार नाही, देवांशेजारी फळीवर बसून राहील.

मला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती, आणि नोकरीबरोबर अक्कलही मिळते असा माझा समज होता. इंजिनिअर गुरुवारी येणार होता. गुरुवारी म्हणजे लूम चालू. उंबऱ्यात पाय ठेवताच त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला असता! मी नगरपालिकेत गेलो, शुक्रवारी सगळे घरी सापडतात वगैरे सांगून वार बदलून आणला आणि घरी येऊन भाषण ठोकलं, की जी इमारत हलत नाही ती धोकादायक कशी? शेजारच्या सुशीलामावशींनी मला लाडू दिला. (तो मी खाल्ला, याचं मला आजही वाईट वाटतं.)

शुक्रवारी आम्ही कामाला लागलो. भिंतीला एक मोठा तडा होता, त्याच्यापुढे कपाट सरकवलं. लहान तड्यावर कॅलेंडर. जिन्याची सगळ्यात वरची फळी डुगडुगे, तिच्यावर पायपुसणं टाकून मी स्वतःच उभा राहिलो.

इंजिनिअर आला. किडकिडीत, शांत माणूस. त्याने तुळया ठोकून पाहिल्या, छत पाहिलं. घर देवळासारखं शांत. देवसुद्धा जागेवर होते!

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाली. हळूच म्हणजे आमच्या हिशोबाने हळूच.

“दिन्या, त्याला कपाटाकडे फिरकू देऊ नकोस. मागे अख्खा हात जातो.”

इंजिनिअर कपाटाकडे बघू लागला. मला वाटलं, योगायोग. मीही तोंडावर हात धरून कुजबुजलो, “तू चहा टाक गं. दिसतोय तसा बावळटच. मी गुंडाळतो त्याला.”

इंजिनिअरने चष्मा काढून पुसला. पलीकडून सुशीलामावशींची कुजबुज भिंत फोडून आली. “वहिनी, गेला का तो? माझी खिडकी दोरीने बांधलीय. त्याला म्हणावं, आत बाळंतीण आहे.”

आणि खालून सलीमभाई, अगदी खासगीत: “मास्टरजी, आज तो लूम बंद है. कुछ हिला तो नहीं ना?”

“हिला नाही,” इंजिनिअर म्हणाला, इतक्या हळू की आम्ही सगळे पुढे वाकलो. “आता कपाट हलवू या?”

हलवलं. त्याने तड्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला. आई चहा घेऊन आली, तिने कप प्रथमच काठोकाठ भरला होता, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला पायपुसण्याखालच्या फळीसकट खाली जावंसं वाटलं.

इंजिनिअर जिना उतरला. आम्ही सगळे गॅलरीत. खाली मालक वाट बघत होते. त्यांनी इंजिनिअरला खांद्याला धरून कोपऱ्यात घेतलं आणि अत्यंत गुपचूप सांगितलं,

“साहेब, धोकादायक लिहूनच टाका. तुमचं काय ते मी बघतो.”

मालकांचा जन्म त्याच इमारतीतला. लूमच्या खडखडाटात वाढलेला माणूस! गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत एक डोकं उगवलं. इंजिनिअरने वर पाहिलं, मालकांकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

“तुळया सागवानी आहेत, शाबूत आहेत,” तो या वेळी आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला. “भिंत दुरुस्त होते. मालकांनी स्वतःच्या खर्चाने करून द्यायची. तसं लिहितोय.”

आईने पदराने डोळे पुसले. अण्णा गॅलरीतल्या खुर्चीत बसले. आणि मी? माझ्या अंगात पुन्हा अक्कल संचारली. इंजिनिअर कोपऱ्यावर स्कूटरला किक मारत होता, तेव्हा मी अण्णांच्या कानाशी लागून कुजबुजलो,

“बघितलंत? शुक्रवार कुणी आणला? सगळं माझ्या डोक्याने झालं.”

किक थांबली. तो शांत माणूस वळला, त्याने तोंडाशी हात धरला आणि आमच्या पद्धतीने, पार नाक्यापर्यंत जाईल असा ओरडला,

“मास्तर! इमारत दुरुस्त होईल हो! चिरंजीवांची दुरुस्ती मात्र नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरची आहे!”