कुंकू लावलेली फ्लॉपी

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मला आमच्या साखर कारखान्यातला हेडक्लार्क आठवतो आणि अजून डोकं तापतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑफिसात पहिलाच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवणारी मी एकटीच बाई. पूजेत ह्या गृहस्थानं फ्लॉपीवर चिमूटभर हळदकुंकू वाहिलं, तेही नेमकं उघड्या खाचेतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर. "अहो, तिथं नको, डेटा जाईल!" मी ओरडले. "देवाचं कुंकू हाय, त्यानं काय जातंय?" दसऱ्याची सुट्टी संपली आणि ड्राइव्ह नुसती खरखरत राहिली, ऊस घालणाऱ्या सभासदांची सगळी यादी गेली. साहेबांसमोर तो म्हणाला, "ह्या पोरीनंच घालवली. ते डबडं बंद करा, आम्ही हातानं लिवतो की!" "मग लिहा," साहेब म्हणाले. बॅकअप, म्हणजे दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवलेली तीच यादी, माझ्या पर्समध्ये होती. मी पर्सची चेन लावली. पंधरा दिवस तो जुन्या अर्जांवरून मान मोडून नावं उतरवत होता आणि मी समोर बसून चहा पीत होते. परवा तो गेल्याचं कळलं. आता तरी वाईट वाटेल म्हणून दोन दिवस वाट बघितली. नाही वाटलं.