फितीच्या अलीकडे

दुसरं महायुद्ध चालू असताना माझं पोस्टिंग नगरच्या कॅम्पात, लष्करी इस्पितळाच्या किचनवर होतं. बायकांच्या तुकडीत भरतीला चौथी पास चालत असे. पेशंटांचं जेवण करायचं, आणि शेजारच्या ट्रेनिंग सेंटरच्या खेळाडूंना स्पेशल डायट द्यायचा. दूध आणि अंडी.

शिपाई दगडू शेवगावकडचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सेंटरमध्ये त्याला जोड नव्हती. ब्रह्मदेशाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आघाडीवर पाठवायच्या तुकडीत, त्याचं नाव लागलं होतं. शर्यत जवळ होती, म्हणून ते काढलं आणि नामदेवचं घातलं. चांगल्या खेळाडूंना असंच मागे ठेवत. नामदेव दगडूच्याच गावचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. पावसाळ्यात नामदेव मारला गेल्याची खबर आली.

त्यानंतर दगडूचं दूध मगात तसंच राहू लागलं.

"ताई, उतरत न्हाई घशाखाली."

"झोप लागते का?"

"डोळा लागला की नामा येतो. म्हनतो, तू पळ, मी जातो."

मागून कोणीतरी ओरडे, "काय दूधपिते, ब्रह्मदेश कवा बघनार?" सगळे हसत. दगडूही हसे. मग मात्र बाजूला सारे.

मी भिडस्त. तरी खेळाडूंच्या हवालदारसाहेबांना सांगितलं. त्यांनी त्याला डॉक्टरपुढे उभं केलं. डॉक्टरांनी छाती तपासली, टाचा पाहिल्या. शेरा दिला, "मेडिसिन अँड ड्यूटी." म्हणजे औषध घे आणि कामाला लाग.

हवालदार म्हणाले, "बाई, घोडा शर्यतीआधी असाच बिथरतो. पळाला की नीट होतो."

शर्यतीच्या दिवशी सगळं सेंटर मैदानावर होतं. दगडू सगळ्यांच्या पुढे होता. मागे बराच वेळ कोणी दिसत नव्हतं. फीत समोर होती. तो थांबला. खाली बसला. बूट सोडले आणि इन्स्पेक्शनला मांडतात तसे शेजारी सरळ लावले.

"उठ! हरामखोर, उठ!" हवालदार ओरडले. दुसरे पळणारे त्याच्या बाजूने निघून गेले.

इतक्या पुरुषांसमोर मी कधी चालले नव्हते. पाण्याचा मग घेऊन गेले. त्याने वर पाहिलं.

"ताई, आता तरी ड्राफ्टात घालतील न्हवं?"

घातलं. पुढच्याच ड्राफ्टला. निघायच्या सकाळी त्याने स्वतः दूध मागितलं आणि अख्खा मग रिकामा केला.

हवालदार म्हणाले, "बघा, झाला ना बरा!"

मी रिकामा मग विसळायला नेला.

ब्रह्मदेशात टेलिफोनच्या तारा तुटल्या की निरोप घेऊन पळायचं काम त्याला दिलं होतं. अशाच एका निरोपावर असताना गोळी लागून तो गेला. निरोप पोचला होता, असं परत आलेल्या एकाने सांगितलं.

रविवारी देवळात मी दोघांची नावं मनात घेते. आधी नामदेव, मग दगडू. नामाच्या पुढे आपलं नाव दगडूला चाललं नसतं.