बिनदुधाचा पेस्टो आणि एक चमचा तूप

तूप मोजून वाढणारी माणसं मला आवडत नाहीत. माझ्या हातून वरणभातावर तूप पडतं ते धारेनेच. आणि देवाची करणी बघा, मला नात झाली ती दुधाच्या अ‍ॅलर्जीची. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, चीज-पनीरचं तर नावच काढायचं नाही. हसावं की रडावं!

तूपसुद्धा चालत नाही, हे मात्र माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. "तूप म्हणजे काय दूध आहे का? कढवून कढवून त्यातलं दूध कधीच जळून गेलं," असं मी चारचौघींत ठासून सांगायचे. मी मुळात फटकळ, आणि चुकीचं बोलताना तर माझा आवाज आणखी चढतो.

मग ती दिवाळी आली. नात तेव्हा तीन वर्षांची होती. मी तिच्या हातात चकली दिली. लोण्याचं मोहन घातलेली, पण तळताना तेही जळून जातं, असा माझा समज. अर्ध्या तासात पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. सुनेने तिला तशीच उचलली आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? सुनेने माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हटलं, "काही नाही. मी काहीच दिलं नाही."

का म्हटलं असं? घाबरले होते म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि हे कारणही काही चांगलं नाही. पोर संध्याकाळपर्यंत खेळायला लागली, सगळं निभावलं. पण दोन दिवसांनी सुनेला फराळाचा डबा भरून देताना मीच बोलून गेले, "यंदा लोण्याचं मोहन घातलंय हो, बघ कशा खुसखुशीत झाल्यात." बोलले आणि जीभ चावली. सून भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तो डबा ओट्यावर ठेवला आणि पोरीला घेऊन घरी गेली.

त्यानंतर नात आमच्याकडे यायची ती स्वतःचा डबा, स्वतःचा चमचा, स्वतःची ताटली घेऊन. आजीच्या घरी नातीला डबा! मला आतून इतकं लागायचं की काय सांगू. पण बोलणार कुठल्या तोंडाने?

आम्ही वर्तकनगरला, मुलगा-सून माजिवड्याला. रिक्षाने जायचं तर फार लांब नाही. या वर्षी सुनेला ऑफिसात परत बोलावलं. चार वर्षांच्या पोरीला दिवसभर ठेवायचं कुठे? मुलगा म्हणाला, आईकडे. सून म्हणाली, "बघू." त्या 'बघू'ने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन पोरं वाढवली मी! पण रात्री आडवं पडल्यावर मलाच पटलं की तिच्या जागी मी असते तर 'बघू'सुद्धा म्हटलं नसतं.

मग मीच तिला म्हटलं, "तिला तो हिरवा पास्ता आवडतो ना, तो मला शिकव."

रविवारी सून आमच्याकडे आली आणि माझ्याच ओट्यावर माझी शिकवणी झाली. बेझिलची पानं, काजू, लसूण, ऑलिव्ह ऑइल, लिंबू, मीठ. चीजच्या जागी घालायला तिने एक पिवळ्या चुऱ्याची बाटली आणली होती. मी वास घेतला आणि बाटली लांब धरली. कोंबड्यांच्या खाद्यासारखा वास. सून हसली. "नको असेल तर राहू दे, आई. काजू थोडे जास्त घ्या, लिंबू जरा चढं ठेवा. चव येते." काजू कोरडेच, मंद आचेवर भाजायचे. मिक्सर सलग फिरवायचा नाही, नाहीतर भांडं तापतं आणि पानं काळी पडतात. एकदा फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. आमचे हे पेपराआडून म्हणाले, "ही तर चटणीच की!" मी म्हटलं, "चटणीच. पण हिला पेस्टो म्हटलं की तुम्ही दोनदा मागून घ्याल."

जाताना सून चपला घालता घालता म्हणाली, "शनिवारी मला ऑफिसात दिवसभर थांबायचंय. हिला तुमच्याकडे ठेवते. जेवण तुम्हीच करा."

डबा नाही! मी वरवर "हो, त्यात काय एवढं," म्हटलं. आत मात्र बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं. हा शनिवार नीट गेला तर पोर रोज आपल्याकडे. नाही गेला तर पाळणाघर.

ह्यांनी आदल्याच महिन्यात कल्याणच्या नर्सरीतून बेझिलचं रोप आणलं होतं. गॅलरीत चांगलं ऊन, रोप मस्त फोफावलेलं. शनिवारी सकाळी नातीने आणि मी मिळून पानं खुडली. एक पान वाटीत, एक पान तोंडात, असा तिचा हिशोब.

"आजी, हे तिखट आहे."

"मग खातेस कशाला?"

"आवडतं म्हणून."

घ्या! बोलण्यात अगदी माझ्यावर गेलीय.

पानं धुऊन फडक्यावर कोरडी केली. लसणाची एकच पाकळी घेतली. काजू गावचे, आमच्या कोकणातले, नुसते खाल्ले तरी गोड. ते भाजले, गार केले. मिक्सर सुनेने सांगितल्यासारखा थांबत थांबत फिरवला. रंग असा सुरेख उतरला की मी ह्यांना मुद्दाम हाक मारून दाखवला. थोडं आमच्यासाठी वाटीत काढून ठेवलं, बाकीचं उकडलेल्या पास्त्यात कालवलं, ताटलीत वाढलं, नातीपुढे ठेवलं. भांड्याला लागलेलं बोटाने पुसून मी चाखलं. अहाहा! सुनेच्या हातचं चांगलं होतं, पण हे काही औरच. शेवटी आजीचा हात तो आजीचा हात, असं म्हणत मी स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते. पुन्हा बोट चाटलं. आणि मला शिऱ्याचा वास आला.

शिऱ्याचा? आज शिरा कुठे केलाय?

ओट्याकडे बघितलं. तुपाची बरणी उघडी. झाकण शेजारी, चमचा आत. चाळीस वर्षं शिऱ्यासाठी काजू परतलेले हात हे. कढई तापली आणि हाताने आपणहून चमचाभर तूप सोडलं. देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही.

"थांब!" मी ओरडले. नातीने काट्याला पास्ता टोचून तोंडापाशी नेला होता. मी काटा हिसकावला, ताटली उचलली. पोर आधी बघत राहिली आणि मग जो टाहो फोडला! "आजी वाईट आहे! माझा पास्ता घेतला!"

तिचे ओठ पुसले, हात साबणाने धुतले, दहादा विचारलं, "गिळला नाहीस ना गं? खरं सांग." नव्हता गिळला. हे धावत आले. मी सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "खाल्लं नाही ना? मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूनबाईला सांगत बसू नकोस. सांगितलंस तर पोर काही इकडे राहत नाही." ते वाईट नाहीत. नातीसाठी त्यांचा जीव माझ्याइतकाच तुटत होता. आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं, तेच तर मला सलत होतं.

पुन्हा करावं तर रोपाला नुसत्या काड्या उरलेल्या. शेवटी भांडी दोनदा घासून मऊ भात केला, वर लिंबू पिळलं, तेलावर बटाट्याच्या काचऱ्या परतल्या. तिसऱ्या घासाला बाईसाहेबांनी मला माफ केलं. दुपारी ती माझ्या कुशीत झोपली. मला कुठली झोप? ऊठसूट मनात तेच. कोणालाच कळणार नाही. पोरीला ताटली का काढून घेतली ते माहीत नाही, आणि हे तर बोलणारच नाहीत.

साडेपाचला बेल वाजली. सुनेने चपला काढायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली, कारण ती बसली असती, मी चहा टाकला असता, तर माझी हिंमत गेली असती.

"अगं ऐक. मी काजू तुपात भाजले. चुकून. घास तोंडापाशी गेला होता, मी ओढून घेतला. तिने खाल्लं नाही. पण मी लक्ष ठेवू शकले नाही, हे खरं आहे. आणि दिवाळीला मी डॉक्टरांसमोर खोटं बोलले, तेही खरं आहे. तुला काय ठरवायचं ते ठरव."

हे मागे उभे होते. त्यांनी डोळेच मिटून घेतले.

सून दारातच उभी राहिली. मग आत आली, स्वयंपाकघरात माझ्या स्टुलावर बसली आणि ओंजळीत तोंड झाकलं. मला वाटलं, संपलं आता.

"आई," ती म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी मी तिला एक बिस्किट दिलं. पाकिटाच्या मागचं वाचलंच नाही, घाईत होते. त्यात दुधाची पावडर होती. सगळं अंग लाल झालं तिचं. औषध दिलं, उतरलं. पण मी कोणालाच सांगितलं नाही. तुमच्या मुलानं विचारलं तेव्हा म्हटलं, डास चावले." तिचा आवाज फुटला. "तुमच्यावर मी इतके दिवस राग धरला आणि मी स्वतः काय केलं? सांगायला कोणी नव्हतंच मला."

मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझेही डोळे वाहत होते. मी ते पुसले नाहीत.

जरा वेळाने तिने नाक पुसलं, वेगळ्या वाटीत काढून ठेवलेला पेस्टो बघितला, बोटभर चाखला. "अगंबाई," ती म्हणाली, "फारच छान लागतोय हो हा." आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की नात आतून उठून बघायला आली. तो सगळा पेस्टो आम्ही तिघांनी पावाला लावून संपवला. ह्यांनी खरंच दोनदा मागून घेतला.

निघताना सुनेने पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "सोमवारी आठला हिला सोडलं तर चालेल ना? आणि आई, काही चुकलं की लगेच मला फोन करा." दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा वळली. "माझं चुकलं की मी तुम्हाला करेन."