पाय अडकवणारं पेडल

बोंडअळीनं कापूस पोखरला, त्या वर्षी मी बडनेऱ्यातल्या कृषी कार्यालयात नोकरीला होते. घर अमरावतीत. रोजचं जाणं-येणं सायकलवर आणि रविवारी मूर्तिजापूरपर्यंत लांब फेरी. अकोल्याहून माझी मैत्रीण तिथं यायची. ती उर्दू शाळेत गणित शिकवायची आणि सायकल माझ्यापेक्षा फार जोरात चालवायची.

"चढावर तुझा पाय घसरते," ती एकदा म्हणाली. "क्लिपलेस पेडल लाव."

नाव क्लिपलेस, पण पाय अडकतोच. बुटाच्या तळव्याला बसवलेली पट्टी पेडलमध्ये खटकन बसते. टाच बाहेर वळवली की सुटते.

"अन् नाही सुटली तर?"

"मंग पडशील. सगळेच एकदा पडते."

तिनं तिची पेडलची जुनी जोडी आणि बूट मला वापरून पाहायला दिले. आठवडाभर मी अंगणात भिंतीला धरून पाय अडकवत-सोडवत राहिले. रस्त्यावर मात्र जीव मुठीत असायचा. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की आधी टाच वळायची. सिग्नल दूर असतानाच मी दोन्ही पाय सोडवून घ्यायचे. चढ चढताना येणारी मजा त्या धास्तीत कुठल्या कुठे जायची.

एका सकाळी ऑफिसच्या फाटकात शेतकऱ्यांची गर्दी होती. हातात किडकी बोंडं, आवाज चढलेले. त्यांना काय उत्तर द्यायचं, याच विचारात मी ब्रेक दाबला. पाय अडकलेलेच होते. टाच वळवायची आठवण झाली तोवर सायकल कलली आणि मी सगळ्यांसमोर उजव्या कुशीवर आदळले.

कुणी हसलं नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली. एका म्हाताऱ्या बाईंनी माझा बूट ओढत-वळवत पेडलमधून सोडवला.

"पाय काहून बांधून घेतले वं सायकलीले?"

"चुकलं, मावशी."

"रगत निंगून राहिलं. धू आंदी."

गुडघा धुवून बाहेर आले तर मघाशी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस बोंड हातात घेऊन थांबला होता. ते त्यानं माझ्यासमोर फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"इथं बसून काय समजन तुमाले? वावरात चाला."

मी गेले. वावर गावाला लागूनच होतं आणि नुकतंच पाणी दिलेलं. तळव्याच्या टणक पट्टीमुळे बांधावर पाय सरकत होता, काळी माती तिच्यात गच्च बसत होती. पंचनामा करतानाही निम्मं लक्ष पडू नये यातच होतं. ते लोक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी पायाकडे. परतताना मातीमुळे बूट पेडलमध्ये बसेचना. नुसता टेकवून, घसरत घसरत घरी पोचले.

रविवारी मैत्रिणीला जोडी परत केली. मला काय हवं, ते आता कळलं होतं. एका बाजूला अडकवायची सोय आणि दुसऱ्या बाजूला साधं सपाट पेडल. बूट असे, की पट्टी तळव्याच्या खाचेत राहील आणि वावरात चालता येईल.

"वजन जास्त राहते त्याचं," ती म्हणाली. "भेणाऱ्याचं पेडल हाय ते."

"मी भितेच."

ती हसली नाही. पेडल मागवल्यावर अमरावतीला येऊन तिनंच ते बसवून दिलं. स्प्रिंग इतकी सैल केली, की पाय नुसता हलवला तरी सुटावा.

ऑफिसला जाताना मी सपाट बाजू वापरू लागले. शहराबाहेरचा मोकळा रस्ता लागला की पेडल उलटवायचं. थंडी सरत आली तेव्हा पहिल्यांदा अकोल्यापर्यंत गेले. बोरगाव मंजूच्या पुढे दोन्ही पाय अडकवले आणि बराच वेळ सोडवले नाहीत. भीती गेली नव्हती, पण सायकल पळत होती. अकोल्याच्या वेशीवर मैत्रीण उभी होती. तिच्यापासून कितीतरी अलीकडेच मी टाच बाहेर वळवली.